अश्वांच्या वंशावळी व त्यांचें प्रामाण्य

१. वंशावळ हें इतिहासाचें साधन खरें. पण तें किती विश्वासार्ह मानावें याविषयीं संशोधकांत नेहमींच मतभेद होत आलेले आहेत. जुन्या दप्तरांत हात घालणारास या प्रश्नाची टोंचणी वारंवार लागते. एखाद्या घराण्याची वंशावळ हातीं येते, पिढ्यांची सांखळी अखंड दिसते, अक्षर वळणदार असतें. परंतु ती कोणीं लिहविली, केव्हां लिहविली व कोणापुढें मांडण्यासाठीं लिहविली हें पाहूं गेल्यास बहुधा एखाद्या वतनाचा तंटा किंवा १८५२ सालच्या इनाम कमिशनाची चौकशी तिच्या मुळाशीं सांपडते. मग प्रश्न उरतो तो असा कीं, लाभासाठीं लिहिलेल्या कागदांत सत्य कितपत टिकतें?

या प्रश्नाचा विचार करण्यास एक दूरचें परंतु फार उपयुक्त उदाहरण आहे. तें मनुष्यांच्या वंशावळींचें नसून घोड्यांच्या वंशावळींचें आहे. १८ व्या शतकांतील इंग्लंडांत पैदाशीच्या घोड्याचा मालक दरवर्षीं वसंत ऋतूंत आपल्या घोड्याचें कुळ छापून प्रसिद्ध करी, आणि त्या छापील कुळावर रोख पैका मिळवी. ज्या वंशावळीवर दर हंगामास पैसा मिळतो ती किती खरी असते, हें तपासण्यास तेथील साधनें विपुल आहेत. शिवाय तपासाच्या दोन शतकांचा इतिहासहि उपलब्ध आहे. म्हणून त्या विषयाचें थोडक्यांत निरूपण करून शेवटीं आपल्याकडील संग्राहकांनीं त्यापासून काय घ्यावें, तें सांगण्याचा विचार आहे.

२. प्रथम व्यवहाराचें स्वरूप सांगितलें पाहिजे. उत्तम आंडील घोडा एखाद्या जहागिरदाराच्या अथवा सौदागराच्या पागेंत बांधलेला असे. आसपासचे लोक माजावर आलेल्या घोड्या तेथें आणीत व ठरलेली फी देऊन त्या फळवून नेत. फी गिन्यांत सांगत. गिनी म्हणजे २१ शिलिंग. शिवाय मोतद्दाराची बक्षिसी वेगळी. घोडीचा गर्भकाल सुमारें ११ महिने. शिंगरूं जन्मल्यावर तें शर्यतींत कसें धांवतें हें कळण्यास त्या काळीं आणखी चार-पांच वर्षें लागत. म्हणजे फी भरणारास आपल्या पैशाचें चीज झालें कीं नाहीं, हें पांच-सहा वर्षांनीं कळावयाचें. तोंवर त्याच्या हातीं काय? केवळ एक छापील कागद.

या कागदाचा सांचा लवकरच ठरून गेला. आरंभीं घोड्याचें नांव, रंग व उंची. नंतर बाप कोण, आई कोण, आईचा बाप कोण, आजीचा बाप कोण, अशी पायरीपायरीनें मागें जाणारी मालिका, आणि ती शक्यतों एखाद्या नामांकित अरबी, तुर्की किंवा बर्बर घोड्यापाशीं नेऊन पोहोंचविलेली. त्यापुढें त्यानें स्वतः जिंकलेल्या शर्यती, त्याच्या सख्ख्या भावाबहिणींची कीर्ति, आणि संतति धांवूं लागली असल्यास तिचा पराक्रम. शेवटीं ठिकाण व फी. वृत्तपत्रांत, सुट्या पत्रकांत व पुढें शर्यतींच्या वार्षिक पंचांगांतहि हीं निवेदनें छापलीं जात. जॉन चेनी याने १७२७ सालापासून शर्यतींच्या निकालांची वार्षिक यादी छापण्यास आरंभ केला. त्यामुळें 'यानें अमुक शर्यत जिंकली' हें विधान तपासतां येऊं लागलें. पण 'याचा बाप अमुक' हें विधान तपासण्याचें साधन मात्र बराच काळ कोणाजवळ नव्हतें. हें अंतर लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पराक्रम हजारो लोकांसमोर घडे; जन्म मात्र तबेल्यांत एका मोतद्दारासमोर घडे.

३. कुळाच्या बळावर घोड्याची किंमत कशी ठरे, याचें उत्कृष्ट उदाहरण म्हणजे चिल्डर्स बंधु. अलेप्पो येथील इंग्रज व्यापारी टॉमस डार्ली यानें तेथें एक अरबी घोडा मिळविला, व १७०४ च्या सुमारास तो यॉर्कशायरमधील आल्डबी पार्क या आपल्या घराण्याच्या ठिकाणीं पोहोंचला. हाच 'डार्ली अरेबियन'. या घोड्याविषयीं डार्लीनें अलेप्पोहून डिसेंबर १७०३ मध्यें घरीं लिहिलेलें पत्र उपलब्ध असून त्यांत घोड्याच्या अरबी कुळाचें नांवहि दिलेलें आहे. हें पत्र घरच्या माणसास लिहिलेलें, घोडा येण्यापूर्वींचें, व फीशीं कांहीं संबंध नसलेलें आहे. म्हणून त्याचें प्रामाण्य फार मोठें.

या घोड्यापासून बेटी लीड्स नांवाच्या घोडीस दोन नर झाले. थोरला फ्लाइंग चिल्डर्स. हा डेव्हनशायरच्या ड्यूकाकडे गेला व शर्यतींत कधींहि हरला नाहीं. धाकटा बार्टलेट्स चिल्डर्स. याला रक्तस्राव होण्याची व्यथा असल्यामुळें तो कधीं शर्यतींत उतरलाच नाहीं. ज्याच्या नांवावर एकहि विजय नाहीं अशा घोड्यास घोड्या कोण पाठविणार? परंतु तो अजिंक्य घोड्याचा सख्खा भाऊ होता, आणि एवढें एकच विधान त्याला पुरेसें झालें. यांत फसवणूक नव्हती. उलट, कालांतरानें असें दिसून आलें कीं, पुढील वंश मोठ्या प्रमाणांत या न धांवलेल्या भावाकडूनच वाढला. जाहिरातींतील कुळाचा दावा येथें इतिहासानें खरा ठरविला.

४. बार्टलेट्स चिल्डर्सचा पुत्र स्क्विर्ट व स्क्विर्टचा पुत्र मार्स्क. मार्स्क हा १७५० सालीं जन्मला व पुढें कंबरलंडच्या ड्यूकाच्या पागेंत आला. तेथें स्पिलेट्टा नांवाच्या घोडीस १७६४ च्या एप्रिलांत, सूर्यग्रहणाच्या सुमारास, एक शिंगरूं झालें. म्हणून त्याचें नांव एक्लिप्स, म्हणजे ग्रहण. दुसऱ्याच वर्षीं ड्यूक वारला व त्याची पागा विकण्यांत आली. विल्यम वाइल्डमन नांवाच्या गुरांच्या व्यापाऱ्यानें एक्लिप्स घेतला. मार्स्क मात्र अगदीं क्षुल्लक किंमतीस गेला, आणि खेड्यापाड्यांतून अर्ध्या गिनीच्या फीवर फिरविला जाई असें सांगतात.

१७६९ सालीं एक्लिप्स धांवूं लागला. १७६९ व १७७० या दोन हंगामांत तो १८ शर्यती धांवला व अठराहि जिंकला. डेनिस ओ'केली यानें तो विकत घेतला व १७७१ पासून एप्सम येथील आपल्या पागेंत ५० गिनी फीवर पैदाशीस ठेवला. इकडे बापाचें नशीबहि पालटलें. वाइल्डमननें मार्स्क शोधून काढून स्वस्तांत विकत घेतला होता. तो त्याच्याकडून अॅबिंग्डनच्या अर्लानें मोठी रक्कम देऊन घेतला, आणि त्याची फी १०० गिन्यांपर्यंत चढली. एकाच घोड्याची फी अर्ध्या गिनीवरून १०० गिन्यांवर गेली! त्याचा देह बदलला नाहीं, चाल बदलली नाहीं. बदललें तें केवळ 'एक्लिप्सचा बाप' हें बिरुद.

आणि नेमक्या याच ठिकाणीं वाद उपस्थित झाला. त्या हंगामांत स्पिलेट्टाजवळ मार्स्कच्या आधीं शेक्सपिअर नांवाचा दुसरा घोडाहि नेला होता, व एक्लिप्सचा खरा बाप तोच, असा प्रवाद पसरला. मार्स्कच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, घोडी व्याली तो दिवस मार्स्कच्या तारखेशीं जुळतो. दोन्ही बाजू अखेर पागेंतील नोकरांच्या तोंडच्या साक्षीवर येऊन थांबत. परंपरेनें निवाडा मार्स्कच्या बाजूनें दिला, व छापील ग्रंथांत तोच कायम झाला. पण संशोधकानें येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. एक्लिप्स हरला असता तर हा वाद उद्भवलाच नसता. घोडा सामान्य असतां त्याच्या बापाविषयीं कोणी चौकशी करीत नाहीं. तो थोर ठरल्यावर मात्र बापपणाचे दोन दावेदार उभे राहतात, व साक्षी त्यानंतर गोळा होतात. मनुष्यांच्या वंशावळींतहि हाच क्रम आपण पाहतों. पुरुष राज्य कमावतो, आणि मग त्याचें कुळ शोधण्यास माणसें निघतात.

५. दुसरें उदाहरण गोडॉल्फिन अरेबियनचें. हा घोडा ट्यूनिसच्या बाजूनें फ्रान्सांत व तेथून एडवर्ड कोक याच्या हस्तें इंग्लंडांत आला. कोक हा डर्बीशायरमधील लाँगफोर्डचा राहणारा. तो १७३३ सालीं वारला. त्याच्या मागें हा घोडा लंडनच्या रॉजर विल्यम्स याच्याकडे व त्याच्याकडून गोडॉल्फिनच्या अर्लाकडे गेला, व केंब्रिजशायरमधील गॉग मॅगॉग टेंकड्यांवरील पागेंत १७५३ सालीं मेला.

त्याच्याविषयीं एक रसभरित कथा प्रसिद्ध आहे. ती अशी कीं, गोडॉल्फिनच्या पागेंत याची कोणास किंमतच नव्हती. हॉबगॉब्लिन नांवाच्या बड्या घोड्यासाठीं घोड्या तयार आहेत कीं नाहींत हें पाहण्यापुरताच तो वापरला जाई. एके दिवशीं हॉबगॉब्लिननें रॉक्साना नांवाच्या घोडीकडे पाठ फिरविली, व निरुपायानें ती या परक्या घोड्यास दिली. त्या संयोगापासून लाथ नांवाचा विख्यात घोडा जन्मला, आणि मग सर्वांचे डोळे उघडले. यूजेन स्यू या फ्रेंच कादंबरीकारानें त्यावर आणखी रंग चढविला. आतां तारखा पाहा. लाथचा जन्म १७३२ चा. म्हणजे गर्भधारणा १७३१ ची. त्या वेळीं घोडा कोकच्या मालकीचा होता, आणि कोक आणखी दोन वर्षें जिवंत होता. गोडॉल्फिनच्या पागेशीं तेव्हां त्या घोड्याचा संबंधच नव्हता. म्हणजे कथेंतील स्थळ, मालक व प्रसंग हीं तिन्ही एका तारखेनें निकालांत निघतात. बखरींतील आख्यायिका अस्सल पत्राच्या मितीपुढें कशी गळून पडते, याचे दाखले राजवाड्यांनीं १८९८ च्या आपल्या पहिल्या खंडापासून पुष्कळ दिले. हा त्याच जातीचा आहे.

तथापि ही कथा टिकली कां? कारण ती उपयोगाची होती. अवगणित रत्न अकस्मात् प्रकाशांत आलें, ही गोष्ट ऐकणारास आवडते. आणि ज्याच्या पागेंत त्या रत्नाचे नातू-पणतू बांधलेले असतात, त्यास ती सांगणेंहि आवडतें. शिवाय या घोड्यास कोणी अरबी म्हणत, कोणी बर्बर म्हणत. त्या काळीं आयात घोड्यास मालकाचें नांव व त्यापुढें 'अरेबियन', 'टर्क' किंवा 'बार्ब' असा शब्द जोडण्याची रीत होती. मालक बदलला कीं नांव बदले. त्यामुळें एकच घोडा दोन नांवांनीं व दोन घोडे एका नांवानें कागदोपत्रीं येऊं लागले. वंशावळींतील घोटाळ्यांचें हें एक प्रधान कारण होय. येथें कोणी खोटें बोललें असें नव्हे. नांवांनींच घात केला.

६. असत्य व अपुऱ्या वंशावळींचा सुळसुळाट इतका वाढला कीं, त्यास आळा घालण्याच्या हेतूनेंच जेम्स वेदरबी यानें १७९१ सालीं 'जनरल स्टड बुक' या ग्रंथाची प्रस्तावनारूप आवृत्ति काढली. पहिला खंड १७९३ मध्यें आला व त्याची सुधारलेली आवृत्ति १८०८ मध्यें निघाली. या ग्रंथाची रचना मोठी विचारपूर्वक आहे. जाहिरात नराची होई. परंतु हा ग्रंथ घोड्यांच्या, म्हणजे माद्यांच्या, नांवानें लावलेला आहे. प्रत्येक घोडीखालीं तिला वर्षानुवर्षें कोणत्या नरापासून काय झालें, याची यादी दिलेली असते. कारण उघड आहे. नर एका हंगामांत अनेक ठिकाणच्या घोड्यांस लागतो. घोडी वर्षांतून एकदांच वितें, आणि तिचें वितणें लपत नाहीं. मादीच्या बाजूनें लिहिलेली नोंद नराच्या मालकाच्या दाव्यास तपासणीची कसोटी पुरविते. एका पक्षाच्या कैफियतीस दुसऱ्या पक्षाचा कागद ताडून पाहावा, हेंच तत्त्व येथें ग्रंथाच्या बांधणींत उतरलें.

तरीहि आरंभींच्या पिढ्यांसाठीं संपादकास जें मिळालें त्यावरच भागवावें लागलें. जुनीं पंचांगें, विक्रीचे कागद, कांहीं पागांच्या खासगी वह्या, आणि पुष्कळसें ऐकीव. ही उणीव पुढें कशी उघडकीस आली, तें आपल्यास फार बोधप्रद आहे. १९२४ सालीं सी. एम. प्रायर यानें १८ व्या शतकांतील कित्येक पागांच्या मूळ हस्तलिखित वह्या व कागद छापून प्रसिद्ध केले. घरोघरच्या कपाटांत पडलेल्या या वह्यांत मालकानें स्वतःच्या माहितीसाठीं कोणती घोडी कोणत्या नरास दिली, केव्हां व्याली, शिंगरूं कोणत्या रंगाचें, एवढेंच टांचून ठेवलेलें होतें. या वह्या दुसऱ्या कोणास दाखविण्यासाठीं लिहिलेल्या नव्हत्या. म्हणूनच त्या छापील ग्रंथावर साक्षीदार म्हणून उभ्या राहूं शकल्या. एका खासगी टांचणानें छापील पांच पिढ्यांस हादरा बसावा, असें सामर्थ्य या साध्या वह्यांत आहे.

कागदांनीं जें सुचविलें त्याची परीक्षा अलीकडे रक्ताच्या पुराव्यानेंहि झाली. आईकडूनच अपत्यास मिळणारा वारसद्रव्याचा जो अंश असतो, त्यावरून आयर्लंडांतील संशोधकांनीं २००२ सालीं घोडींच्या जुन्या घराण्यांची तपासणी केली. एकाच मूळ घोडीपासून निघाल्याचें ज्यांच्या वंशावळींत लिहिलें आहे, अशा कांहीं शाखांत तो अंश एकमेकांशीं जुळला नाहीं. म्हणजे आरंभींच्या नोंदींत कोठें तरी चूक होती. मात्र त्याच वर्गाच्या संशोधनानें दुसरी बाजूहि पुढें आणली. शर्यतीच्या आजच्या जातिवंत घोड्यांपैकीं सुमारें शेंकडा ९५ घोड्यांची पितृपरंपरा वंशावळीप्रमाणें डार्ली अरेबियनपर्यंत जाते, असें गणित २००१ सालीं मांडण्यांत आलें. ही सर्व परंपरा एक्लिप्सच्या द्वारें येते. ज्याच्या बापाविषयीं मोतद्दारांच्या साक्षींवर वाद झाला, तोच आज या सर्व कुळाचा मूळ पुरुष होऊन बसला आहे. म्हणून त्या जुन्या वादाचें महत्त्व केवळ कौतुकाचें नाहीं.

७. आतां इतर देशांकडे वळूं. अरबांत कुळ मोजतात तें आईकडून. कुहैलान, सकलावी, उबय्यान, हमदानी, हदबान हीं तेथील घोड्यांच्या नामांकित कुळांचीं नांवें. शिंगरूं आईच्या कुळांत गणलें जातें. हें ज्ञान बहुतेक तोंडीं चाले. मिसरचा अधिपति अब्बास पाशा (१८४८–१८५४) यानें मात्र आपलीं माणसें टोळ्याटोळ्यांत पाठवून घोड्यांच्या कुळांविषयीं म्हाताऱ्यांच्या साक्षी लिहून घेतल्या. तें हस्तलिखित १९९३ सालीं इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध झालें. सांगणारा कोण, तो कोणत्या टोळीचा, हें त्यांत नोंदलेलें आहे. साक्षीदाराचें नांव देण्याची ही पद्धत आपल्या महजरांची आठवण करून देते.

आपल्याकडील परंपरा या दोहोंपेक्षां वेगळी दिसते. शालिहोत्राच्या नांवावर चालणारे ग्रंथ, नकुलाचें अश्वशास्त्र, जयदत्ताचें अश्ववैद्यक, कल्याणीच्या सोमेश्वराचा मानसोल्लास, यांत घोड्याची परीक्षा मुख्यतः देश, वर्ण व लक्षणें यांवरून केलेली आढळते. अंगावरील भोंवरे कोठें आहेत, पंचकल्याण आहे कीं नाहीं, दांत कसे, आवाज कसा, याचें वर्णन विस्तारानें येतें. परंतु अमक्या घोड्याचा बाप अमका, आजा अमका, अशी व्यक्तींची मालिका येत नाहीं. आईन-ई-अकबरींतहि घोड्यांचे वर्ग अरबी, इराकी, तुर्की, ताजी असे लावलेले आहेत. कच्छच्या घोड्यांचें श्रेष्ठत्व सांगतांना तेथील किनाऱ्यावर फुटलेल्या अरबी गलबतांतील घोड्यांची कथा अबुल फझलनें दिली आहे. पण तीहि एका प्रांताच्या पैदाशीची उत्पत्ति आहे, एका घोड्याची वंशावळ नव्हे. फौजेच्या दप्तरांत घोड्याचा 'चेहरा' लिहीत व त्यास डाग देत. त्यांतहि हेतु घोडा बदलला जाऊं नये एवढाच. आपल्या कागदांत घोड्याची ओळख आहे, कुळ नाहीं.

याचें कारण शोधणें कठीण नाहीं. भीमथडीच्या तट्टांची थोरवी एखाद्या नामांकित नरावर उभी नव्हती. ती नदीकांठच्या चाऱ्यावर, काटकपणावर व मजलेवर उभी होती. शिलेदारास घोडा स्वारीसाठीं हवा होता. पांच वर्षांनीं जिंकावयाच्या पैजेसाठीं नव्हे. त्याची कसोटी त्याच मोहिमेंत होई. जेथें कसोटी लगेच होते तेथें कागद लागत नाहीं. जेथें ती पांच वर्षें लांबते तेथें कागद जन्मास येतो, आणि कागदाबरोबर बनावट कागदहि जन्मास येतो. इंग्रजी अमलांत मुंबईस इराणी आखातांतून अरबी घोड्यांची मोठी आयात होई. पुढें शर्यतींबरोबर वंशावळींची विलायती पद्धतहि येथें रुळली. आज नराची फी घेणारास केवळ आपला शब्द देऊन चालत नाहीं. शिंगराच्या नोंदीपूर्वीं आईबापांशीं वारसद्रव्याच्या परीक्षेनें नातें पडताळावें लागतें. जी साक्ष पूर्वीं मोतद्दारानें दिली, ती आतां प्रयोगशाळा देते.

८. यावरून निघणारें तात्पर्य थोडक्यांत असें. लाभासाठीं लिहिलेली वंशावळ सर्वस्वीं खोटी असते असें नाहीं. बार्टलेट्स चिल्डर्सचें उदाहरण तसें म्हणूं देत नाहीं. परंतु तिचें प्रामाण्य तिच्या अखंडतेवरून ठरवितां येत नाहीं. जी मालिका कोठेंच तुटत नाहीं तिचीच अधिक चौकशी करावी. दुसरें, जो कागद लाभाच्या आधीं लिहिलेला आहे तो लाभानंतरच्या दहा कागदांस भारी आहे. डार्लीचें पत्र व मार्स्कच्या साक्षी यांतील भेद हाच. तिसरें, एका पक्षाच्या कागदास दुसऱ्या पक्षाचा, आणि दोहोंस तारखेचा ताळा घ्यावा.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. आपण सनदा, खलिते व चित्रित पोथ्या प्रेमानें जपतों. तंजावरच्या सरस्वतीमहालानें १९५२ सालीं नकुलाचें अश्वशास्त्र छापलें, तेंहि अशा प्रेमामुळेंच. पण पागेचे जमाखर्च, दाण्याचे हिशेब, घोडी व्याल्याचें एखादें टांचण, जनावरांच्या यादी, हे कागद रद्दींत जातात. शिरूर तालुक्यांतील आलेगांव हें अद्याप 'आलेगांव पागा' म्हणून ओळखलें जातें. गांवाच्या नांवांत पागा उरली, तिच्या वह्या कोठें गेल्या? इंग्लंडांत ज्या वह्यांनीं छापील ग्रंथास दुरुस्त केलें त्या राजांच्या दप्तरांतल्या नव्हत्या, साध्या घरांतल्या होत्या. आपल्याकडेहि दख्खनच्या घोड्याचा खरा इतिहास लिहावयाचा असेल, तर तो स्तुतिपर वर्णनांवरून लिहितां येणार नाहीं. ज्या वहीनें कोणापासून कांहीं मागितलें नाहीं, ती वही आधीं सांभाळावी.